आईकडे एकच शब्द उरलाय, आणि परवा मी तिच्यावर ओरडले

रात्रपाळी

आईला स्ट्रोक येऊन चौदा महिने झाले. मेंदूच्या डाव्या बाजूला बसला, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. डॉक्टर याला अफेझिया म्हणतात. तिच्याकडे एकच शब्द उरलाय, 'उद्या'. तहान लागली तरी उद्या, पाठ अवघडली तरी उद्या, मी दिसले की खूश होऊन उद्या. सूर मात्र सगळे पूर्वीचेच आहेत, त्यामुळे त्या एका 'उद्या'मध्ये ती मला व्यवस्थित रागावू शकते.

दिवसा मदतीला बाई असतात. रात्र माझी. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी द्यायची, माकडहाडाजवळ टॉर्च मारून बघायचं. लाल दिसलं तर बोटाने दाबायचं. पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक. दाबूनही लालच राहिलं तर त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही. हे सगळं आता मी अर्धवट झोपेतही करते.

पण गेले आठ दिवस ती रात्रभर हाका मारते. डाव्या हातातली अंगठी पलंगाच्या कठड्यावर टक टक टक, मग उद्या, उद्या. पाणी देऊ? उद्या. कूस बदलू? उद्या. पहाटे चारला माझा तोल गेला. "उद्या म्हणजे काय ते एकदा सांग, नाहीतर गप्प पड!" ती गप्प झाली. चादरीची कड ओढून तोंडावर घेतली. लहानपणी रुसले की मी घ्यायचे, अगदी तशी.

दादा दूर असतो. आठवड्यातून एकदा फोन करून 'व्यायाम घेतेस ना?' विचारतो. त्याला हे सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी असं ओरडलंय का? नंतर काय केलंत? 'तू किती करतेस' हे मात्र नको. ऐकून कान किटलेत.

घडीची_चादर

ओरडलेय, आणि एकदाच नाही. सासऱ्यांना पार्किन्सन होता. एकदा त्यांच्या अंगावर ओला टॉवेल फेकला होता, सहा वर्षं झाली तरी तो टॉवेल आठवतो.

पण माझं राहू दे. मला तुझे ते 'आठ दिवस' खटकले. चौदा महिने नव्हतं आणि आठ दिवसांत सुरू झालं, म्हणजे काहीतरी नवीन झालंय. सासरे असेच तीन रात्री तळमळत होते. आम्ही म्हणत होतो, डोक्यावर परिणाम झाला. निघालं काय, तर कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तुंबलेला. सकाळी पिशवी जवळजवळ रिकामी असायची आणि ते आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही! आईंचं पोट कधी साफ झालं? लघवीचा रंग, वास बदललाय का? वयस्कर माणसात लघवीचा संसर्ग कधी कधी ताप न येता नुसता गोंधळ आणि अस्वस्थपणा घेऊन येतो. डॉक्टरांना कळव, आणि हे 'उद्या'वर टाकू नकोस.

आणखी एक. उठवताना उजवा हात धरून कोणी ओढत नाही ना? लुळ्या हाताचा खांदा स्नायूंनी धरलेला नसतो, तो सांध्यातून खाली उतरतो. आधार द्यायचा तो पाठीमागून, खांद्याच्या पात्याखाली हात घालून.

जुना_चष्मा

मी ओरडलो नाही. जे केलं ते त्याहून वाईट होतं.

पत्नीचा कर्करोग हाडांत गेला होता. मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी, दुखत असो वा नसो. मला त्या गोळीची भीती वाटायची. सवय लागेल, श्वास थांबेल, असं काहीबाही. म्हणून संध्याकाळी सहाची गोळी मी अर्धी तोडून द्यायचो आणि वहीत 'पूर्ण' लिहायचो. आयुष्यभर हिशेब ठेवायची नोकरी केली, खोटी नोंद पहिल्यांदा केली ती घरात.

अकराव्या दिवशी घरी येणाऱ्या नर्सनी गोळ्या मोजल्या. साडेपाच जास्त. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दुखणं डोकं वर काढण्याआधी पुढची गोळी पोटात जायला हवी, एकदा ते चढलं की उतरवायला जास्त औषध लागतं. डॉक्टर मात्रा बेताबेताने वाढवत नेतात, तेव्हा श्वासाची भीती तुम्ही धरताय तेवढी नसते. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून चुकवायचं नाही. घड्याळ लावून मॉर्फिन देण्याचा आग्रह सिसली सॉन्डर्स यांनी धरला होता, हेही त्यांच्याकडूनच कळलं. या बाई आधी परिचारिका होत्या, पुढे डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची शुश्रूषा करणारं केंद्र, सुरू केलं. मी ज्या गोष्टीला घाबरत होतो ती इतक्या वर्षांपूर्वी कोणीतरी नीट बघून ठेवली होती.

त्या रात्री पत्नीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, संध्याकाळचं वाढत चाललंय. ती गोळी होती होय." पुढच्या औषधाची वेळ होईपर्यंत बोलली नाही. मग वही मागितली, चष्मा मागितला, आणि अकरा ठिकाणी 'पूर्ण' खोडून स्वतःच्या हाताने 'अर्धी' लिहिलं. अक्षर थरथरत होतं. वही माझ्याकडे आहे.

तेव्हा, नंतर काय केलं, तर सांगितलं. तुमच्या आईंना बोलता येत नाही, पण म्हणून त्यांना कळत नाही असं नव्हे. चादरीआड त्या काय समजून बसल्या असतील, ते तसंच ठेवू नका.

तिसरा_जिना

ओरडण्याबद्दल दोघांनी लिहिलंय, मी त्या शब्दाबद्दल लिहितो. वडिलांकडे असेच दोन शब्द उरले होते, त्यातला एक शिवी. पाहुण्यांसमोर पंचाईत व्हायची.

१८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका नावाच्या सर्जनने असाच एक रुग्ण तपासला होता. तो कशालाही 'तान' म्हणायचा, म्हणून सगळे त्यालाच तान म्हणत. तो गेल्यावर मेंदू पाहिला तर इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात. आमच्या स्पीच थेरपिस्टने हे सांगून पुढे म्हटलं, जुळवून बोलायचं बोलणं वेगळं आणि तोंडपाठ असलेलं वेगळं. वार, आकडे, पाढे, गाणी बऱ्याचदा शिल्लक असतात. सुरुवात करून द्या आणि थांबा. बाबा शनिवारपर्यंत सगळे वार म्हणायचे, मात्र 'आज कोणता वार' विचारलं की शिवी.

प्रश्न एका वेळी एकच विचारा. विचारल्यावर मनात दहा मोजा. अंगठा वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. आणि 'कुठे दुखतंय?' विचारू नका, एकेका जागी हात ठेवून 'इथे?' विचारा.

दादाला 'जमेल तशी मदत कर' म्हणू नका, कधीच जमत नाही. शनिवारची रात्र तुझी, एवढंच म्हणा.

रात्रपाळी

खांदाच निघाला. डोक्यापासून सुरुवात केली, एकेका जागी हात ठेवत. उजव्या खांद्याला हात लागला मात्र, अंगठा इतक्या जोरात वर गेला की मला हसू आलं आणि रडूही. डॉक्टरांनी तपासलं, सांधा खाली उतरलाय. आता हाताखाली कायम उशी, आणि उजव्या कुशीवर जपून. दिवसाच्या बाई नव्या आहेत, त्यांनाही आठच दिवस झालेत. त्या हाताला धरून उठवत होत्या. त्यांना कोणी दाखवलं नव्हतं, म्हणजे मीच दाखवलं नव्हतं. रोज टाचा टॉर्च मारून बघणारी मी, खांदा एकदाही बघितला नाही.

ओरडल्याचंही बोलले तिच्याशी. काय बोलले ते नीट आठवत नाही. तिने डाव्या हाताने माझा कान धरला. पिळला नाही, नुसता धरून ठेवला.

शनिवारी दादा आला, आणि मी आतल्या खोलीत सात तास सलग झोपले. उठून बघते तर फोनवर रात्री अडीचचा मेसेज, 'आई सारखी उद्या म्हणतेय, काय हवंय?'

"मग काय केलंस?" सकाळी विचारलं.

"तू म्हणालीस तसं, पाढे," तो म्हणाला. "बेपासून सुरू केलं. सातच्या पाढ्याला अडकलो."

"आई?"

"आई नाही, मी."