देवाला काहीच कमी नाही, तर हंगामाच्या सणाला आपण नेतो ते कशासाठी?

मोसंबीबाग (जालना जिल्हा)

सर्वांना जय ख्रिस्त. आठ दिवस झाले, डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, म्हणून विचारते.

येत्या रविवारी आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण आहे. दरवर्षी आई सोयाबीनची एक गोणी वेदीपुढं ठेवते, उपासना झाली की लिलाव होतो. यंदा ऐन काढणीत पाऊस लागून राहिला. गंजीवर ताडपत्री होती, तरी खालून पाणी शिरलं आणि शेंगांतच कोंब फुटले. हाती आलं ते निम्मं काळं. आई म्हणते, "असला माल देवापुढं ठेवू? मी यंदा येतच नाही."

मी समजावायला गेले, की देव स्वयंभू आहे, त्याला कशाची गरज नाही, पौलानं अथेन्सच्या लोकांना हेच सांगितलं (प्रेषितांची कृत्ये 17:25). तर ती म्हणाली, "गरजच नाही, तर मग तीस वर्षं मी नेलं ते काय?" मला उत्तर सुचलं नाही. आणि मनातलं सांगते, तेव्हापासून मलाच धसका बसलाय. माझ्यावाचून ज्याचं काहीच अडत नाही, त्याला माझं काही वाटत तरी असेल का?

निवृत्त शिक्षक, अंबड

ताई, जय ख्रिस्त. आधी त्या शब्दाचं बघू. आपल्या भागात स्वयंभू म्हटलं की वेरूळ, औंढा, परळी डोळ्यांपुढं येतं: कुणी घडवलं नाही, आपोआप प्रकटलं. शब्दातला 'भू' म्हणजे होणं. देव मात्र कधी 'झाला'च नाही, त्यानं स्वतःला निर्माणही केलं नाही. जळत्या झुडपातून देव मोशेशी बोलला, मोशेनं त्याचं नाव विचारलं तेव्हा उत्तर आलं, "मी आहे तो आहे" (निर्गम 3:14). जुने लॅटिन लेखक यालाच 'आ से' म्हणत, म्हणजे स्वतःपासून.

संडे स्कूलला शिकवताना मी त्या झुडपापाशी बराच वेळ थांबायचो. मुलांना विचारायचो, घरी चुलीत काय घालता? पऱ्हाटी. पऱ्हाटी संपली की? विझते. का, तर आपली आग दुसऱ्याला खाऊन जगते. मोशेला दिसलेली आग झुडपात होती, पण झुडपाला खात नव्हती. तिला जळण लागत नव्हतं. मागं बसणारी पोरंसुद्धा इथं गप्प व्हायची.

आता आईंचा प्रश्न. 1 इतिहास 29 त्यांना वाचून दाखवा. मंदिरासाठी सोन्याचांदीचे ढीग जमलेत, आणि दावीद राजा देवाला म्हणतो की हे सगळं तुझंच, तुझ्याच हातचं घेऊन आम्ही तुला दिलं. तीस वर्षांच्या गोण्या तशाच. पाऊसही त्याचाच होता.

लातूरकर

गुरुजींचं पटलं. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत तेव्हा घागर मोजून मिळायची. शेजारणीला तांब्याभर देताना माझी आई आधी आपल्या रांजणात डोकावायची. तिची माया कमी नव्हती, पाणी कमी होतं. ज्याला स्वतःला लागतं, त्याला देताना हिशोब करावाच लागतो. आणि पाण्याची वाघीण तरी कुठं स्वतःची? तिच्यामागं नदी, नदीमागं पाऊस. तेराव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत थॉमस अक्विनास, त्याचं म्हणणं असं, की उसनं असणाऱ्यांची ओळ कितीही लांबवली तरी कुठंतरी असा एक लागतो ज्याचं असणं उसनं नाही.

तोच देव रांजणात न डोकावता देतो. तुम्ही त्याला हव्यात त्या काही भरून काढायला नाही. जगाच्या उभारणीपूर्वीच पित्याची पुत्रावर, म्हणजे येशूवर, प्रीती होती (योहान 17:24), म्हणजे एकटेपणा घालवायलाही त्यानं आपल्याला घडवलं नाही. मला तर यानं धीर येतो. माझ्याकडून काही मिळेनासं झालं म्हणून तो मला सोडेल, ही भीतीच उरत नाही.

परभणीहून एक

एक शंका. योहान 5:26 म्हणतं की पित्यानं पुत्राला स्वतःच्या ठायी जीवन असण्याचं दिलं. 'दिलं' म्हणजे पुत्र अवलंबून झाला ना?

निवृत्त शिक्षक, अंबड

चांगलं धरलंत. पण काय दिलं ते बघा: 'स्वतःच्या ठायी जीवन'. ते उसनं असतं तर स्वतःच्या ठायी कसलं? आणि हे देणं काळातलं नाही, पुत्र नव्हता असा क्षणच नाही. एरियस म्हणायचा, पुत्र निर्माण केलेला आहे; 325 साली निकियाच्या धर्मसभेत त्याच्या विरुद्ध मंडळी यावरच उभी राहिली. मतांगीकारात 'देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश' आपण म्हणतो ते तिथलंच. सविस्तर लिहायला वेगळा धागा काढू.

मोसंबीबाग (जालना जिल्हा)

गुरुजी, दादा, दोघांचंही काल रात्री आईला वाचून दाखवलं. दावीदाचं ऐकून ती काही बोलली नाही. पऱ्हाटीचं मात्र पुन्हा वाचायला लावलं.

आज सकाळपासून ओसरीवर सूप घेऊन बसलीय. काळे दाणे एका बाजूला, पिवळे पदराखालच्या परातीत. दुपारपर्यंत दोनेक शेर निघालेत. लिलावात याला कोण बोली लावणार, असं तीच म्हणते, आणि जुन्या साडीची पिशवी शिवायला सुई मागते.