भूगोलाच्या अभ्यासक्रमात समुदाय सहभाग प्रकल्प कसा बसवावा? सल्ला हवा आहे

मूळ प्रश्न
मी कोरडवाहू भागातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आमच्या द्वितीय वर्षाला सम सत्रात दोन श्रेयांकांचा समुदाय सहभाग प्रकल्प आहे. विद्यार्थी स्वच्छता फेरी काढतात, रोपे लावतात, अहवालाला छायाचित्रे जोडतात आणि प्रकल्प तिथेच संपतो. या कामाचा वर्गातल्या विषयाशी संबंध यावा आणि गावालाही त्याचा उपयोग व्हावा, यासाठी काय करता येईल? मार्गदर्शक मी एकटीच आहे.

प्रतिसाद १
मॅडम, गाव एकच निवडा आणि ते एसटीने सहज जाऊन येण्याजोगे असू द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात अशा कामाच्या एका श्रेयांकासाठी सत्रात ३० तास धरले आहेत, म्हणजे तुमच्या हाती ६० तास येतात. ते चार गावांत वाटले तर कुठेच नीट ओळख होत नाही. विषय मात्र आधी ठरवून जाऊ नका. सरपंच आणि ग्रामसेवक यांच्याइतकेच नळपाणी योजनेचे पाणी सोडणारा कर्मचारी आणि आशाताई यांच्याशी बोला, कारण कोणत्या वस्तीला पाणी पोहोचत नाही हे त्यांना नेमके ठाऊक असते.

प्रश्न पाण्याचाच निघाला, तर विहिरींचा नकाशा हे भूगोलाच्या विद्यार्थ्यांचे हक्काचे काम आहे. प्रत्येक विहिरीचे स्थान मोबाइलवरील जीपीएसने घ्यावे, वजन बांधलेल्या टेपने काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यातून कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली नोंदवावी. उपसा चालू असेल, तर पंप बंद झाल्यावर पातळी स्थिरावेपर्यंत थांबावे, नाहीतर आकडा फसवा येतो. जानेवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये पुन्हा मोजले, की पाणी कुठे किती उतरले हे दिसते, आणि तो नकाशा १ मेच्या ग्रामसभेत विद्यार्थ्यांनी स्वतः मांडावा.

प्रतिसाद २
वरील सूचनेशी मी सहमत आहे. फक्त मूल्यमापनाचा मुद्दा जोडतो. माझ्या मते सर्वाधिक गुण मोजणीच्या वहीला आणि ग्रामसभेतील मांडणीला द्यावेत, छापील अहवालाला सर्वांत कमी. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास वेगळे आहेत; ते किंवा त्या योजनेच्या शिबिराचे तास इथे पुन्हा दाखवू देऊ नका, कारण त्यामुळे दोन्ही उपक्रमांची किंमत कमी होते. आणखी एक, प्रत्येक गटात मुली असाव्यात. घरात पाणी भरणाऱ्या बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. पुढच्या वर्षीच्या तुकडीने नवे गाव घ्यावे का?

प्रतिसाद १
मुळीच नको. एका वर्षाच्या आकड्यांवरून पाऊस कमी पडला की उपसा वाढला, हे सांगता येत नाही. मालकाची परवानगी घेऊन प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटने क्रमांक आणि मोजणीच्या जागेची खूण करून ठेवा, म्हणजे पुढची तुकडी त्याच बिंदूवरून टेप सोडेल.