वेरोना खरंच चॅम्पियन झालेली का?

भुसावळ_एक्सप्रेस: काल गच्चीवर पडलेलो, उकाड्यानं झोप नाही, मग मोबाईलवर सव्वाबाराची सिरी आ (इटलीची टॉप फुटबॉल लीग) मॅच लावली, खाली आजोबांचा कूलर घरघरतोय. कॉमेंट्रीत म्हणाले वेरोना १९८४-८५ ला चॅम्पियन होती. एवढ्याशा गावाची टीम, कसं काय जमलं भो?

केळीबाग_जळगाव: खरंय भाऊ, आजवरचं त्यांचं एकमेव टायटल. कोच बान्योली. पहिल्याच मॅचला समोर नापोली, मॅराडोनाचा इटलीतला पहिला लीग सामना, आणि वेरोनाच्या ब्रीगेलनं त्याला असा धरून ठेवला की ३-१ नं जिंकले, वरून ब्रीगेलनं स्वतः गोल पण मारला. नंतर युव्हेंटसविरुद्ध वेरोनाच्याच एल्केरचा बूट पायातून निघाला तरी गडी थांबला नाही, तसाच आत घुसून गोल!! ३० मॅचमध्ये फक्त २ हरले. तेव्हा विजयाला २च पॉइंट, तरी ४३ झाले.

धुळेकर_१०: त्या एका सीझनला कोणत्या मॅचला कोण रेफ्री हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, हेही लिहा. पण श्रेय बान्योलीचंच, दुसऱ्यांनी सोडलेले प्लेअर घेऊन टीम बांधली त्यानं.

भुसावळ_एक्सप्रेस: बुटाच्या गोलचा व्हिडिओ आत्ताच पाहिला, अंगावर काटा आला राव. आजोबांना पण दाखवतो.