संध्याकाळी खाली कोणीच नसतं

बी-३०२: सगळ्यांना एक विचारायचं होतं. लेकीला आठ पूर्ण झाली. शाळेतून आल्यावर काहीतरी लावावं म्हणतोय. पोहणं, चित्रकला, गाणं, बुद्धिबळ, सगळंच डोक्यात आहे. तुम्ही काय लावलंत आणि कसं ठरवलंत?

ए-१०४: आमच्याकडे सोमवार-बुधवार स्केटिंग, मंगळवार-गुरुवार अबॅकस, शुक्रवारी गिटार, शनिवारी चित्रकला. आत्ताच लाव गं, नंतर उशीर होतो.

सी-५०१ काका: आणि पोरगा जेवतो कधी?

ए-१०४: गाडीत.

बी-४०३: बुद्धिबळ डोळे झाकून लावा. गणित सुधारतं. एकाग्रता वाढते.

सचिव: उद्या टाकी साफ करणार आहेत. सकाळी १० ते १२ पाणी बंद. कृपया नोंद घ्यावी.

सी-२०२ डॉक्टर: बी-४०३, बुद्धिबळाला माझा विरोध नाही, पण गणितासाठी लावू नका. इंग्लंडमध्ये १०० शाळा घेऊन हेच तपासलं होतं, एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशनने २०१६ साली निकाल जाहीर केला. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना शाळेच्या वेळात ३० तास बुद्धिबळ शिकवलं आणि वर्षभराने गणिताची परीक्षा घेतली. शिकलेली आणि न शिकलेली, दोघांच्या गुणांत काही फरक दिसला नाही. आवडत असेल तर जरूर खेळू दे. गणित कच्चं असेल तर गणितच करावं लागतं.

बी-४०३: डेमो क्लासला तर वेगळंच सांगितलं होतं.

सी-५०१ काका: डेमोला सगळेच सांगतात.

ए-२ सर: मी ३१ वर्षं शाळेत खेळ शिकवला, म्हणून दोन शब्द. क्लास निवडताना पालक कोचची प्रमाणपत्रं बघतात, भिंतीवरच्या ढाली बघतात. मी सांगतो काय बघायचं. घड्याळ घ्या, बाजूला बसा आणि एकाच मुलावर नजर ठेवा. तासाभरात ते पोर किती मिनिटं खरंच हललं ते मोजा. पोहण्याच्या बॅचमध्ये २० मुलं आणि एक कोच असेल, तर एकेक जण जाऊन येईपर्यंत बाकीची काठावर कुडकुडत बसतात. तासाच्या बॅचमध्ये तुमचं मूल पाण्यात दहा मिनिटं. फी मात्र तासाची. डेमोच्या दिवशी हे कळणार नाही, त्या दिवशी कोच तुमच्याच मुलाकडे बघत असतो. मधल्याच एखाद्या वारी न सांगता जा.

आणि न सांगता गेल्यावर आत येऊ दिलं नाही, तर तिथूनच परत फिरा. पालकांनी बघितलेलं ज्यांना चालत नाही, तिथे मूल सोडू नये.

बी-३०२: सर, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त वेळ आणि अंतर बघत होते.

ए-२ सर: अंतर बघायलाच पाहिजे. पाऊण तासाच्या क्लाससाठी जाऊन-येऊन दीड तास गाडीत म्हणजे मुलाने काय शिकलं, तर गाडीत बसायला.

ए-१०४: 🙄

सी-२०२ डॉक्टर: यादी करण्याआधी तास मोजा, असं मी पालकांना सांगते. ६ ते १२ वयाला दिवसाला ९ ते १२ तास झोप हवी. सकाळी सहाला उठायचं असेल तर रात्री नऊला दिवा बंद. शाळा, गृहपाठ, आंघोळ, जेवण वजा करा आणि उरतं काय ते बघा. खेळाचं म्हणाल तर क्लासमधला सराव आठवड्याला वयाच्या आकड्याहून जास्त तास नको, म्हणजे आठ वर्षांच्या मुलीला जास्तीत जास्त आठ तास. त्याच्या वर गेलेल्या मुलांत अतिसरावाच्या गंभीर दुखापती जास्त आढळल्या आहेत. आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी हवीच. आणि इतक्या लहान वयात एकच खेळ धरून बसू नका. बहुतेक खेळांसाठी १५-१६ व्या वर्षापर्यंत थांबावं, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

ए-१०४: म्हणजे मी चुकतेय असं सगळ्यांचं म्हणणं आहे का? मी घरी सातला येते. तोपर्यंत पोराने एकट्याने टीव्हीसमोर बसावं का? क्लासमध्ये निदान कोणाच्या तरी नजरेखाली असतो.

सी-२०२ डॉक्टर: नाही गं, तसं अजिबात नाही. ही अडचण खरी आहे आणि बऱ्याच घरांत क्लास त्यासाठीच लागतात. फक्त त्याला 'सांभाळणं' म्हण, 'घडवणं' नको म्हणूस. सांभाळायचंच असेल तर जिथे परीक्षा नाही, पट्टा नाही, ग्रेड नाही असा क्लास बघ. नुसतं रंगवत बसू देणारा. दमलेलं मूल तिथे विसावतं तरी.

ए-१०४: हं. खरं सांगायचं तर गिटार दोन महिने कोपऱ्यात उभी आहे. शुक्रवार आला की पोट दुखतं. पण फी वर्षाची भरलीय, परत मिळत नाही.

सी-५०१ काका: फी गेलीच आहे. तो क्लासला गेला तरी गेली, नाही गेला तरी गेली. आता शुक्रवार वाचवा.

सी-५०१ काकू: यांचं ऐकू नका. कंटाळा आला की सोड, हे एकदा मुलाला कळलं की पुढे सगळंच सोडतं. मी गाणं तीनदा सोडायला निघाले होते, आईने सोडू दिलं नाही, म्हणून आज गाते.

सी-५०१ काका: आणि मला पेटी सोडू दिली नाही, म्हणून मी आजही पेटीला हात लावत नाही. घरात आहे, हिचीच आहे.

बी-४०३: एकाच घरातून दोन मतं 😀

ए-२ सर: दोघांचंही बरोबर आहे. सोडायचं केव्हा हे सुरू करण्याआधी ठरवावं. 'तीन महिने जायचं, मग आपण दोघं बसून बोलू.' मधे वाईट दिवस आला तर निर्णय त्या दिवशी नाही. आणि तीन महिन्यांनी मूल नको म्हणालं तर खरंच सोडायचं, तिथे शब्द फिरवायचा नाही. म्हणून पहिल्यांदा वर्षाची फी भरू नका. सवलत देतात ती तुम्ही अडकावं म्हणूनच.

दुसरं, नको म्हणजे नक्की काय नको ते विचारा. माझ्या शाळेतला एक मुलगा पोहायला जायचं म्हटलं की रडायचा. घरच्यांना वाटलं पाण्याला घाबरतो. महिन्याभराने कळलं, त्याच्या चष्म्याचा पट्टा सैल होता, डोळ्यांत पाणी जायचं आणि सांगितलं की बाकीची मुलं हसायची. पट्टा बदलला, पोरगा पोहायला लागला. कधी गाणं नको नसतं, शेजारी बसणारा नको असतो. कधी सरच नको असतात, आणि ते मूल चटकन बोलत नाही. अचानक जायला नकार दिला तर आधी ऐकून घ्या, दटावू नका.

ए-१०४: पोटदुखीचं कारण मी विचारलंच नाहीये. आज विचारते.

सचिव: टाकीचा निरोप वर चर्चेत वाहून गेला म्हणून पुन्हा टाकतोय. उद्या १० ते १२ पाणी बंद.

बी-३०२: बरं, मग एकच लावायचं झालं तर काय?

सी-२०२ डॉक्टर: पोहणं. बाकी सगळे छंद, पोहणं छंद नाही. शाळकरी मुलांना पोहायला आणि पाण्यात सुरक्षित राहायला शिकवा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. शिकलं तरी पाण्याजवळ मोठ्यांची नजर हवीच. बाकी तिला विचार ना, तिला काय हवंय.

बी-३०२: विचारते.

बी-३०२: विचारलं. उत्तर ऐकून गप्प झाले. म्हणाली, "मला खाली खेळायचंय. पण खाली कोणीच नसतं. सगळे क्लासला असतात."

सी-५०१ काकू: अगं बाई.

बी-४०३: काल मीही पाहिलं. झोपाळा रिकामा. वॉचमन बसला होता त्यावर.

सी-२०२ डॉक्टर: हे घडतंय खरं. आणि खाली येण्याचा फायदा निव्वळ गंमत म्हणून नाही. चीनमधल्या ग्वांगझूला पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं होतं, तीन वर्षं. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. नेहमीच्या शाळांत तीन वर्षांत १०० पैकी जवळपास ४० मुलांना लांबचं दिसेनासं झालं, बाहेर काढलेल्यांत ३० जणांना. कोणी काही शिकवायला लागत नाही, उजेडात राहिलं की झालं. दिवसाला तासभर दम लागेल असं हुंदडणं मुलांना हवंच असतं, तेही त्यात आलं.

ए-१०४: विचारलं बाई एकदाचं. गिटार आवडते म्हणाला. पण शुक्रवारी वर्गात सगळ्यांसमोर एकेकट्याला वाजवून दाखवावं लागतं, त्याची धास्ती. सरांशी बोलणार आहे. नाही जमलं तर घरीच वाजवेल. अबॅकस मात्र बंद, ते मलाच हवं होतं. मंगळवार-गुरुवार सहाला खाली पाठवेन, पण मी सातला येईपर्यंत कोणीतरी बघायला हवं.

ए-२ सर: मी असतो. तसाही बाकावरच बसलेला असतो.

बी-४०३: आमचा मंगळवारी येईल. गुरुवारी बुद्धिबळ आहे. आता त्याला विचारतो, आवडतं का.

सी-५०१ काका: विचारा विचारा.

सचिव: मंगळवार-गुरुवार ६ ते ७ मुलं खेळणार असतील तर पुढच्या रांगेतल्या गाड्या मागे लावाव्यात. आरसा फुटला तर सोसायटी जबाबदार नाही. आणि चेंडू मऊच हवा.

सी-५०१ काका: गाडी आत्ताच काढतो.

बी-३०२: तिला सांगितलं. विचारतेय, उड्यांची दोरी कोणाकडे आहे का? मोठी, दोघींनी फिरवायची.

ए-२ सर: आहे. जुनी आहे, पण चालेल. एक टोक मी धरतो, दुसऱ्याला कोणीतरी या.