बॅटरी डिकीत नेताना जाड वायरला सोल्डरचा जोड: माझा ठाम विरोध

गंजका बोल्ट (धागाकर्ता)

बॉनेटखाली जागा नाही म्हणून बॅटरी डिकीत हलवली. मूळ पॉझिटिव्ह वायर अर्थातच पुरेना, म्हणून तिलाच तुकडा जोडून घेतला. तारा एकमेकींत गुंफल्या, भरपूर सोल्डर ओतलं, वर टेप. जोड दिसायला चांदीसारखा! आठ महिन्यांनी सेल्फ रडत रडत फिरायला लागला. टेप कापून पाहिली तर जोड जसाच्या तसा, पण सोल्डर जिथे संपतं तिथल्या निम्म्या तारा तुटलेल्या आणि काळ्या पडलेल्या. सोल्डर तारांमध्ये शोषलं जातं, तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो आणि गाडीच्या थरथरीत नेमकी कडेलाच तार तुटते.

माझं मत: जोड देऊच नका, बॅटरीपासून सेल्फपर्यंत अखंड वायर टाका. द्यावाच लागला तर दोन्ही टोकांना हायड्रॉलिक प्रेसने थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची भोकाची तांब्याची टोपी) दाबा आणि इन्सुलेटेड स्टडवर, म्हणजे बॉडीला न टेकणाऱ्या बोल्टवर, नटाने आवळा.

जुना मिस्त्री

असहमत. सोल्डरला नावं ठेवण्याआधी जोडाला आधार दिला होता का ते सांगा. जोडाच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प मारून वायर बॉडीला बांधली असती तर ती हललीच नसती. माझे सोल्डरचे जोड गाडी भंगारात जाईपर्यंत टिकलेत. उलट ते थिंबल! निम्मे लोक हातोडी आणि छिन्नीने ठोकतात. आत पोकळी राहते, ओल शिरते, हिरवा गंज धरतो. सोल्डरने ती पोकळी तरी भरते.

गंजका बोल्ट

क्लॅम्प नव्हता, कबूल. हातोडीबद्दलही सहमत. पण तो हातोडीचा दोष झाला, थिंबलचा नव्हे. प्रेसमध्ये नीट दाबलेलं थिंबल आडवं कापून पाहा, तारा वेगळ्या ओळखूच येत नाहीत, तांब्याचा सलग ठोकळा दिसतो. मग ओल शिरणार कुठून?

शून्य ओहम

थोडं गणित करू. ३५ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण अर्धा मिलीओहम. ५ मीटरला अडीच. सेल्फने २०० अँपिअर ओढले की वायरीतच अर्धा व्होल्ट गेला. त्यात २ मिलीओहमचा खराब जोड आला की आणखी ०.४ व्होल्ट, आणि त्या एका जागी ८० वॅट उष्णता. म्हणजे जोडाच्या पोटात सोल्डरिंग आयर्नच चालू! नेहमीचं शिशाचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं.

जुना मिस्त्री

सेल्फ दोन सेकंद मारतो हो, दोन सेकंदांत एवढं तांबं १८३ अंशांवर जात नाही. शिवाय हे २ मिलीओहम खराब जोडाचे. नीट भरलेल्या जोडाचा रोध त्याच्या पासंगालाही पुरत नाही. कागदावर सगळंच वितळतं.

शून्य ओहम

गाडी सुरू होते तेव्हा दोन सेकंद. होत नाही तेव्हा माणूस हट्टाने पंधरा सेकंद मारतो, परत मारतो. जोडाची परीक्षा त्याच दिवशी असते.

डिकीवाला

तुम्ही जोडावर भांडताय, फ्यूजचं नाव कुणी काढलं नाही. पाच मीटर वायर गालिच्याखालून जाते. पत्र्याच्या भोकात ग्रोमेट (रबरी कडं) नसेल तर कधीतरी इन्सुलेशन घासून बॉडीला चिकटणार, आणि शॉर्टमध्ये बॅटरी हजारभर अँपिअर सहज ओकते. सोल्डर असो की थिंबल, वायरच पेटेल. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, इंजिनाच्या टोकाला लावून उपयोग शून्य. आणि साधी बॅटरी असेल तर वायू बाहेर सोडणारी नळीही लावा, चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

जुना मिस्त्री

नळीचं बरोबर. पण सेल्फच्या वायरला फ्यूज? थंडीत सेल्फ जड गेला की उडेल आणि माणूस रस्त्यात अडकेल. बीएमडब्ल्यूच्या कित्येक गाड्यांत बॅटरी कंपनीतूनच डिकीत येते. तिथे अपघात झाला की एअरबॅगच्या इशाऱ्यावर बारूद उडून वायर तोडणारं टर्मिनल असतं. म्हणजे नुसत्या फ्यूजवर त्यांचाही विश्वास नाही.

डिकीवाला

ते टर्मिनल तुमच्या-माझ्या घरगुती कामात कुठून आणणार? सावकाश उडणारा मेगा फ्यूज घ्या, तो थोड्या वेळाचा जादा भार सोसतो. फक्त त्याचा आकडा वायरीच्या कुवतीच्या आत हवा. सेल्फला तेवढा पुरत नसेल तर वायर जाड घ्या, फ्यूज मोठा करू नका.

गंजका बोल्ट

फ्यूजचं खरंच राहून गेलं होतं, लावतो. बाकी नवी ५० चौरस मिमीची अखंड वायर टाकून झाली. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी सेल्फच्या बोल्टला लावून सेल्फ मारला: वायरीत गेले ०.३ व्होल्ट. जोड होता तेव्हा याच जागी ०.९ यायचे.

जुना मिस्त्री

वायर जाड केलीत, जोड काढलात, आणि श्रेय सगळं जोड काढण्याला? आता निगेटिव्ह बाजूही मोजा. डिकीतलं अर्थिंग (निगेटिव्ह वायरचा बॉडीशी जोड) रंग न खरवडता बोल्टलं असेल, पैज लावतो.

गंजका बोल्ट

...खरवडून येतो.