अ‍ॅव्होकाडोचं बी तडकलंय, पुढं काय करावं? (लातूर)

गच्चीवाली_लातूर:
लेकीनं पुण्याहून येताना अ‍ॅव्होकाडो आणले. मीठ-तिखट टाकून भाकरीवर लावला तेव्हा कुठं घशाखाली उतरला, पण बी एवढं मोठं की टाकवेना म्हणून टूथपिक टोचून ग्लासात पाण्यावर ठेवलंय. महिना होत आला, बी मधोमध तडकलंय पण मूळ दिसंना. सडलं का? पाणी बोअरचंच आहे. आणि आपल्याकडं मे मध्ये ४२ च्या पुढं जातंय, झाड टिकंल का, फळ कधी येईल?

काळी_माती:
ताई फेकू नका, तडकणं म्हणजे जिवंत आहे. आधी तडकतं, मग मूळ, मग कोंब, सगळं २ ते ८ आठवडे चालतं. टोकाची बाजू वर आणि बसकी बाजू पाण्यात पाहिजे. दाबून मऊ लागलं, वास मारला तरच सडलं समजा. मूळ बोटभर झालं की कुंडीत लावा, अर्धं बी मातीच्या वर. निव्वळ काळी माती नको, पाणी धरून ठेवती आणि ह्याची मुळं लगेच कुजतात. लाल माती, कोकोपीट, कुजलेलं शेणखत, बास.

जालना_मोसंबीवाला:
खरी गोम पाण्यात आहे. ह्या झाडाला क्षार अजिबात चालत नाहीत. पानाचं टोक तपकिरी पडतं, मग कडा करपत करपत आत सरकतात आणि लोकं ऊन लागलं म्हणून तेच बोअरचं पाणी अजून ओतूलालेत! आरओचं वाया जाणारं पाणी आणि कूलरच्या टाकीतलं तर त्याहून खारं, ते नकोच. पावसाचं धरून ठेवा, नाहीतर एसीच्या पाईपखाली बादली लावा, त्यात क्षार जवळपास नसतातच. उन्हाळ्यात दुपारी हिरवी नेट पाहिजेच, कोवळं खोडसुद्धा भाजतं.

कलमवाला:
फळाचं विचारलं म्हणून सांगतो, बियाचं झाड ५ ते १३ वर्षं घेतं, कधी जास्तच, आणि फळ आईसारखं येईलच असं नाही. कलम ३-४ वर्षांत धरतं. आता गंमत बघा, दुकानातला काळपट सालीचा, हास जातीचा अ‍ॅव्होकाडो म्हणजे कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनकडं बियापासून आलेलं एकच झाड, १९३५ ला पेटंट घेतलं त्यानं, आज जगभरातले हास त्याचीच कलमं. म्हणजे नशीब लागूही शकतं 😄 पण आपली हवा काही कूर्ग-वायनाडची नाही. त्यात फूल एकदा मादी म्हणून उघडतं, मिटतं आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून उघडतं, त्यामुळं एकट्या झाडाला फळ कमीच धरतं. शोभेचं झाड म्हणून लावा, आलं फळ तर आलं.

गच्चीवाली_लातूर:
बादली लावली एसीखाली 🙏 खाली शेळ्या असतात, पाला पडला तर खातील का?

काळी_माती:
खाऊ देऊ नका ताई! पाल्यात पर्सिन नावाचं विष असतं, दुभत्या शेळीची कास सुजते, दूध आटतं. छाटलेला पाला खाली टाकूच नका, आणि घरात पोपट असंल तर त्यालाही फळ नको.