आधी पाणी बघा, मग गॅस

कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या लॉजचा बोअरवरचा हीट पंप (बोअरच्या पाण्यातली उष्णता खेचून वापरणारं यंत्र) लो प्रेशरवर ट्रिप होतोय, म्हणजे आतल्या गॅसचा दाब कमी झाला की आपोआप बंद पडतोय, अशी पोस्ट आहे, तर वरच्या कमेंटमध्ये सगळे 'गॅस भरा' म्हणतायत. थांबा की राव! आधी स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) उघडा, बोअरच्या पाण्याचं आत जातानाचं आणि बाहेर येतानाचं तापमान मोजा. फरक नेहमीपेक्षा जास्त असेल तर पाणीच कमी पडतंय, तिथं गॅस काय करणार? सुपरहीट (गॅस उकळबिंदूच्या वर किती तापलाय ते) जास्त आणि सबकूलिंग (गॅसचं द्रव झाल्यावर तो आणखी किती गार झालाय ते) कमी दिसलं तरच गॅसची गळती शोधा. गॅस आर-४१०ए या प्रकारचा असेल तर उरलेला काढून, व्हॅक्यूम करून (लाइनीतली हवा ओढून), नेमप्लेटवरच्या वजनाइतका काट्यावर तोलून भरा, तोही लिक्विड, म्हणजे द्रव रूपात. गेज बघून अंदाजपंचे नको. आणि लो प्रेशर स्विच बायपास करून तर अजिबात चालवू नका. प्लेट एक्स्चेंजर (पाण्यातली उष्णता गॅसला देणारा भाग) गोठून फुटला की पाणी गॅसच्या लाइनीत शिरतं, मग कॉम्प्रेसर गेलाच.